जोडणाऱ्या हातांचे मोल : सुरतेतील वेल्डर, त्यांचे वेतन आणि आपला वाटा

व्यापारी मंडळी एकत्र जमली म्हणजे बाजारभाव, उधारी आणि कर या तीन विषयांनंतर चौथा विषय हटकून निघतो, तो कामगारांचा. त्यातही गेल्या काही वर्षांत आमच्या मंडळाच्या बैठकींतून एक तक्रार वारंवार कानी येऊ लागली आहे : "चांगला वेल्डर मिळत नाही." प्रोसेस हाउसचे मालक असे म्हणतात, लोखंडाचे व्यापारी म्हणतात, आणि नव्या दुकानाला जिना व शटर बसवून घेणारे किरकोळ दुकानदारही म्हणतात. २०११ च्या जनगणनेत ज्या नगराची वस्ती पंचेचाळीस लाखांच्या घरात भरली, ज्या नगरात दररोज गाड्या भरभरून तरुण कामाच्या शोधात उतरतात, त्या सुरतेत एका कारागिराची अशी टंचाई का भासावी? ही तक्रार कितपत खरी आहे, तिची कारणे कोणती आणि तिच्या निवारणात आपला वाटा काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

कापडाच्या व्यापाऱ्याचा या प्रश्नाशी संबंध काय?

आमच्या सभासदांपैकी बहुसंख्य कापडाच्या व्यवसायात आहेत. "आम्हांला लोखंडाशी काय कर्तव्य?" असा प्रश्न त्यांच्या मनात येणे साहजिक आहे. त्यांनी रिंग रोडवरील आपल्या दुकानातील एखादी साडी हाती घ्यावी आणि तिचा प्रवास उलट दिशेने आठवून पाहावा. ती साडी पांडेसरा, सचिन, कडोदरा किंवा पलसाणा येथील एखाद्या प्रोसेस हाउसमधून रंगून व छापून आली आहे. सुरतेचे कापड मुख्यतः कृत्रिम धाग्याचे. पॉलिएस्टरला रंग नीट चढावा म्हणून ते बंद यंत्रात, दाबाखाली, साधारणतः १३० अंश सेल्सिअस उष्णतेवर रंगवावे लागते. त्यासाठी वाफ लागते, वाफेसाठी बॉयलर लागतो, आणि बॉयलरपासून यंत्रापर्यंत वाफेचे नळ जातात. या साऱ्या नळांना, वळणांना व टाक्यांना असंख्य जोड असतात, आणि प्रत्येक जोड कोणा एका वेल्डरने आपल्या हाताने घातलेला असतो. तो जोड टिकला तर साडी वेळेवर बाजारात येते. तो फुटला तर माल अडकतो, आणि प्रसंगी माणसे भाजतात.

नगराच्या पश्चिमेस, ताप्तीच्या मुखाशी, हजिरा येथे तर या विद्येचे सर्वोच्च रूप पाहावयास मिळते. फ्रान्समध्ये कादाराश येथे अनेक राष्ट्रांच्या सहकार्याने 'ईटर' नावाची अणुसंमीलनाची प्रचंड भट्टी उभारली जात आहे. तिला बाहेरून वेढणारे, सुमारे तीस मीटर उंच व तितक्याच रुंदीचे, ३,८५० टन वजनाचे पोलादी पात्र हजिऱ्यातील लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात भागाभागांनी तयार झाले आणि त्याचा शेवटचा भाग जून २०२० च्या अखेरीस फ्रान्सकडे रवाना झाला. तात्पर्य, एकाच नगरात एकीकडे जगातील अत्यंत अवघड जोडकाम होते, आणि दुसरीकडे नगरातला व्यापारी साधा नळ जोडणारा विश्वासू माणूस मिळत नाही म्हणून हळहळतो. या विसंगतीतच आपल्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे.

कामाचे स्वरूप

वेल्डिंग म्हणजे धातूच्या दोन तुकड्यांच्या कडा वितळवून त्यांना एकजीव करणे. रिव्हेटने वा बोल्टने जोडलेले तुकडे परस्परांना चिकटून राहतात, परंतु वेगळेच राहतात. वेल्डिंगने ते एक होतात. रशियन साम्राज्यातील निकोलाय बेनार्डोस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात विजेच्या ज्योतीने धातू जोडण्याची रीत पुढे आणली. पुढे विसाव्या शतकाच्या प्रारंभी स्वीडनमध्ये ऑस्कर शेलबर्ग यांनी लेप दिलेला रॉड प्रचारात आणला. आज नाक्यावरच्या दुकानात जो रॉड वापरतात, तो त्याचाच वंशज होय. रॉड जळू लागला की लेपाचा काही भाग वायुरूप होऊन वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवतो. उरलेला भाग दुधावर साय धरावी तसा जोडावर पसरतो आणि निवल्यावर हातोडीने झाडून टाकला जातो.

हे वाचावयास सोपे वाटते, करावयास नाही. रॉडचे टोक आणि पत्रा यांतील अंतर काही मिलिमीटरांचेच असते आणि रॉड क्षणोक्षणी झिजत असतो. ते अंतर कायम राखीत हात एकाच गतीने पुढे सरकवावा लागतो. गती मंदावली तर पत्रा जळून भोक पडते, वाढली तर जोड वरवरचा होतो. सपाट पत्रा समोर आडवा ठेवला असेल तर काम सुकर असते. उभा असेल तर वितळलेला धातू खाली ओघळू पाहतो, डोक्यावर असेल तर अंगावर ठिणग्या पडतात. कारखान्यांच्या परिभाषेत या स्थितींना 'वन जी', 'टू जी' अशी चढती नावे आहेत. त्यांतील 'सिक्स जी' ही सर्वांत कठीण. तीत पंचेचाळीस अंशांत तिरका बसविलेला नळ न हलवता सर्व बाजूंनी जोडावयाचा असतो. अशा जोडाची क्ष-किरणांनी तपासणी होते आणि आतील राईएवढी पोकळीही तीत दिसून येते. बॉयलर व वाफेचे नळ यांसाठी तर १९५० च्या भारतीय बाष्पक नियमांनी वेल्डरची परीक्षा घेऊन त्याला ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र देण्याची व्यवस्था घालून दिली. मूळचा १९२३ चा बाष्पक कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा आला, तरी परीक्षित हाताखेरीज बॉयलरला स्पर्श होऊ नये हे तत्त्व बदललेले नाही.

एक स्वानुभव

येथे आमचाच एक अनुभव सांगणे अप्रस्तुत होणार नाही. दिवाळीपूर्वीच्या धांदलीच्या दिवसांत आमच्या प्रोसेस हाउसमधील वाफेच्या नळाचा एक जोड गळू लागला. ठेकेदाराने दोन माणसांचे दोन दर सांगितले. आम्ही सवयीप्रमाणे कमी दर पत्करला. त्या तरुणाजवळ प्रमाणपत्र आहे की नाही, हे पाहण्याचे आम्हांला सुचले नाही. दुरुस्तीनंतर पाण्याच्या दाबाची चाचणी घेतली तेव्हा नव्या जोडातून सुताएवढी धार निघाली. जोड कापून काढावा लागला आणि यंत्रे तीन दिवस थंड राहिली. कोणास इजा झाली नाही ही देवगुरूंची कृपा. दोन दरांतील फरक साड्यांच्या एका गठ्ठ्याच्या किमतीहूनही कमी होता. तीन दिवसांच्या नुकसानीचा आकडा येथे लिहिण्याची आम्हांला लाज वाटते.

नंतर जो वेल्डर बोलाविला तो अमळनेरकडचा, वयाने पन्नाशीचा. त्याचा जोड पहिल्याच चाचणीत उतरला. चहा पिताना आम्ही सहज विचारले, "मुलगा याच कामात आहे ना?" तो म्हणाला, "नाही शेठ. तो मार्केटात पार्सलं बांधतो. मी त्याला होल्डर हातात घेऊ दिला नाही. माझे डोळे गेले, तेवढे पुरे."

चांगला वेल्डर का मिळत नाही, याचे उत्तर त्या दिवशी आम्हांला आमच्याच अंगणात मिळाले. ते पुरते उमजण्यास मात्र पुढे हिशोब करून पाहावा लागला.

हे श्रमिक कोण व कोठले?

सुरत हे परगावच्या श्रमावर उभे राहिलेले नगर आहे. यंत्रमागांवर ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातील बांधव आहेत, हिऱ्याच्या घंट्यांवर सौराष्ट्राचे आहेत, आणि उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतून आलेली खानदेशी कुटुंबे फार मोठ्या संख्येने वसली आहेत. ताप्तीच्या काठाने जाणाऱ्या सुरत-भुसावळ लोहमार्गाने खानदेश आणि सुरत यांना एका अंगणात आणले असे म्हटले तर वावगे होऊ नये. आमच्यापैकी कित्येकांची घराणीही याच वाटेने येथे आली. वेल्डिंग, फिटिंग व फॅब्रिकेशन यांच्या कामांत या खानदेशी बांधवांबरोबर उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड व ओडिशा येथील तरुणांचा भरणा दिसतो.

२०११ च्या जनगणनेत सुरत जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे अवघ्या ७८७ स्त्रिया होत्या. या एका आकड्यात येथील श्रमिकांचे सारे जीवन सामावलेले आहे. तरुण एकटा येतो, आठ-दहा जणांच्या खोलीत राहतो, कमाई गावी पाठवितो आणि पेरणी, लग्नसराई किंवा आजारपण आले की परत जातो. मे २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात श्रमिकांच्या खास गाड्या सुरतेहून सुटू लागल्या तेव्हा हे नगर किती झपाट्याने रिकामे होऊ शकते, ते आपण सर्वांनी पाहिले. ज्याचे घर येथे नाही, त्याचे कौशल्यही येथे मुक्काम करीत नाही.

या व्यवसायात शिरण्याची वाटही ठरलेली आहे. मुलगा प्रथम हेल्पर म्हणून येतो. सामान वाहतो, ग्राइंडरने जोड घासतो, गॅस कटरच्या हाताखाली उभा राहतो. जेवणाच्या सुट्टीत उस्तादाचा होल्डर घेऊन भंगारावर हात चालवितो. उस्ताद दयाळू असेल तर दोन-तीन वर्षांत तो वेल्डर होतो. दुसरी वाट शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची. आपल्या नगरातील मजुरा गेटजवळची संस्था सर्वांच्या परिचयाची आहे. वेल्डरचा अभ्यासक्रम एका वर्षाचा असतो. दोन्ही वाटांनी आलेल्यांपैकी जो अवघड परीक्षा उतरतो, तो हजिऱ्यातील मोठ्या कारखान्यांकडे, जामनगरच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पांकडे किंवा आखाती देशांकडे वळतो. जो उतरत नाही, तो आपल्या वाट्याला येतो. हे कटू असले तरी सत्य आहे.

स्त्रिया या कामात आपल्याकडे क्वचितच दिसतात. परंतु हे काम स्त्रियांना झेपणारे नाही हा समज खरा नव्हे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने 'लिबर्टी' जातीची २,७१० जहाजे बांधली, ती रिव्हेटऐवजी मुख्यतः वेल्डिंगने. त्या गोदींतून हजारो स्त्रियांनी अल्प काळात ही विद्या शिकून पुरुषांच्या बरोबरीने जोड घातले. या कामाला बळापेक्षा स्थिर हात व एकाग्र दृष्टी यांची अधिक गरज असते, आणि आमच्या माताभगिनींच्या जरीकामात ते दोन्ही गुण आपण नित्य पाहतो.

वेतनाचा हिशोब

आता व्यापाऱ्याच्या रीतीने हिशोबाकडे वळू. गुजरात सरकारने मार्च २०२३ मध्ये किमान वेतनाचे दर वाढविले. महानगरपालिकांच्या क्षेत्रांत अकुशल कामगाराचा मूळ दर दिवसाला ४५२ रुपये, अर्धकुशलाचा ४६१ रुपये आणि कुशलाचा ४७४ रुपये ठरला. महिन्याचे २६ दिवस धरता अकुशलास ११,७५२ रुपये व कुशलास १२,३२४ रुपये पडतात. यावर महागाईनुसार भत्ता मिळतो, तो वेगळा. ही वाढ स्वागतार्हच होती. परंतु या आकड्यांतील अंतर पाहावे. झाडू मारणारा आणि जोड घालणारा यांच्या मूळ दरांत दिवसाला अवघ्या २२ रुपयांचे अंतर, म्हणजे महिन्याला ५७२ रुपयांचे.

समजा, एखादा अठरा वर्षांचा तरुण अकुशल काम सोडून एक वर्ष प्रशिक्षण संस्थेत बसला. त्या वर्षाची त्याची बुडालेली मजुरी ११,७५२ गुणिले १२, म्हणजे १,४१,०२४ रुपये. शुल्क, पुस्तके, प्रवास व व्याज यांपैकी काहीही न धरता हे भांडवल महिना ५७२ रुपयांच्या जादा कमाईतून फिटावयास सुमारे २४६ महिने लागतील, म्हणजे वीस वर्षांहून अधिक. अठराव्या वर्षी शिकावयास बसलेला मुलगा एकोणचाळिसाव्या वर्षी आपल्या शिक्षणाचे मुद्दल वसूल करील! आमच्या सभासदांपैकी कोणी तरी अशा पेढीत पैसा गुंतवील काय? आणि जो सौदा आपण करणार नाही, तो एका गरीब मुलाने करावा अशी अपेक्षा कशी धरावी?

कोणी म्हणेल, बाजारात चांगल्या वेल्डरला किमान दरापेक्षा पुष्कळ अधिक मिळते. हे खरे आहे. सिक्स जी उतरलेल्याला मोठे कारखाने मान देतात आणि दामही देतात. परंतु नवशिक्याला त्या पायरीपर्यंत पोचण्यापूर्वी खालच्या पायऱ्यांवर कित्येक वर्षे काढावी लागतात. तेथे किमान दर हाच पुष्कळदा कमाल दर होऊन बसतो. कामगार ठेकेदाराचा असतो, मधला आपला वाटा कापून घेतो, भविष्यनिर्वाह निधीची नोंद होतेच असे नाही, आणि जादा तासांची दुप्पट मजुरी कायद्याच्या पुस्तकात राहते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता अमलात येऊन १९४८ च्या किमान वेतन कायद्याची जागा तिने घेतली आहे. कायदा नवा आला तरी हजेरीपट लिहिणारा हात आपलाच आहे, हे विसरता कामा नये.

ही गोष्ट केवळ आपल्याच देशाची नव्हे. अमेरिकेतही कारखानदार वेल्डरांच्या टंचाईची तक्रार वर्षानुवर्षे करीत आले आहेत. तेथील श्रमसांख्यिकी विभागाच्या आकड्यांप्रमाणे मे २०२३ मध्ये वेल्डरचे मध्यम वार्षिक वेतन ४८,९४० डॉलर होते, आणि सर्व व्यवसायांचे मिळून मध्यम वेतन ४८,०६० डॉलर. म्हणजे आगीशी खेळणाऱ्या कारागिराला सर्वसाधारण नोकरदारापेक्षा वर्षाला केवळ ८८० डॉलर अधिक. वस्तू टंचाईची असेल तर तिचा भाव चढतो, हे व्यापाराचे पहिले सूत्र आपण जाणतो. भाव न चढविता टंचाईची ओरड करणारा ग्राहक दुकानात आला तर आपण त्याला काय म्हणू, ते येथे लिहिण्याची गरज नाही.

शरीराची झीज

रुपयांच्या हिशोबात न दिसणारी आणखी एक बाजू आहे. विजेच्या ज्योतीतून निघणारे अतिनील किरण उघड्या डोळ्यांवर पडले की काही तासांनी डोळ्यांत वाळू खुपावी तशा वेदना होतात आणि रात्रभर झोप लागत नाही. जोडातून उठणाऱ्या धुरात धातूचे सूक्ष्म कण असतात, आणि स्टेनलेस स्टीलच्या धुरात क्रोमियम व निकेलही असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये तज्ज्ञांची बैठक घेऊन वेल्डिंगच्या धुराची गणना मनुष्यास निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात केली. या वर्गात तंबाखूचा धूरही आहे. आपण आपल्या पेढीवर कोणास विडी ओढू देत नाही, हे योग्यच. मग बंद टाकीच्या पोटात धूर गिळीत बसलेल्या माणसासाठी एक पंखा आणि एक मुखवटा लावण्याची तसदी आपण का घेऊ नये? डोळ्यांवर चांगली काच, हातांत चामड्याचे मोजे, धूर ओढून घेणारा पंखा, इतक्या गोष्टींचा खर्च एका वेल्डरमागे फार नाही. पन्नाशीच्या त्या कारागिराला वेळीच चांगली काच मिळती, तर कदाचित त्याचा मुलगा आज आपल्या नळांचे जोड घालीत असता.

सुरतेने एकदा दिलेली किंमत

कारागिराची उपेक्षा केल्याने नगराचे काय होते, याचा दाखला सुरतेच्याच इतिहासात आहे. सतराव्या शतकात सुरत हे पश्चिम किनाऱ्यावरील अग्रगण्य बंदर होते. आपल्याच धर्माचे विरजी व्होरा हे त्या काळच्या थोर सावकारांत गणले जात, आणि इंग्रज व डच कंपन्या त्यांच्याकडून कर्ज घेत. बंदराच्या आश्रयाने येथे जहाजे बांधणारे कुशल सुतारही होते. १७३६ मध्ये इंग्रज कंपनीने त्यांपैकी लवजी नसरवानजी वाडिया या पारशी कारागिराला मुंबईस नेले. मुंबईची गोदी त्यांनी व त्यांच्या वंशजांनी उभी केली, आणि पुढील शतकात तेथे ब्रिटिश आरमारासाठी जहाजे बांधली गेली. सुरतेच्या ऱ्हासाची कारणे अनेक. राजकीय अस्थैर्य हे एक, नदीचा गाळ हे दुसरे. परंतु सागवान तेच असून जहाजे दुसऱ्या बंदरात बांधली जाऊ लागली, कारण हात तेथे गेले होते. भांडवल सुरतेत राहिले आणि कौशल्य निघून गेले.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच समाजात आहे. सोलापूरच्या जैन घराण्यात जन्मलेले वालचंद हिराचंद घरचा व्यापार सोडून बांधकामाच्या ठेक्यांत शिरले, जहाज कंपनीच्या स्थापनेत अग्रभागी राहिले, आणि जून १९४१ मध्ये विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी त्यांनी घडवून आणली. तेथे बांधलेले 'जलउषा' हे जहाज मार्च १९४८ मध्ये पाण्यात उतरले. वालचंदशेठना हातांचे मोल समजले होते. व्यापारी घराण्यातील माणूस कारागिराच्या शेजारी उभा राहिला की काय घडू शकते, याचे हे प्रमाण होय.

धर्मदृष्टी

आपल्या शास्त्रकारांनी श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत अंगारकर्माचा उल्लेख आरंभीच येतो. अग्नीचा आरंभ ज्यात मोठा, ती उपजीविका श्रावकाने टाळावी, असा त्याचा आशय. यास्तव आपले पूर्वज भट्टीपासून दूर राहिले आणि कापड, धान्य, जवाहीर व सावकारी यांकडे वळले. परंतु त्याच शास्त्राने असेही सांगितले आहे की कर्माचा बंध केवळ स्वतः केल्याने होत नाही. कृत, कारित आणि अनुमोदित, असे त्याचे तीन प्रकार आहेत. होल्डर आपल्या हाती नसेल, परंतु काम आपण करवून घेतो आणि त्याचा नफाही आपणच घेतो. वेल्डरचा धूर व वेल्डरचे वेतन आपल्या खात्यात 'कारित' या सदराखाली जमा आहे. ते सदर कोरे ठेवून वही पुरी होत नाही.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार लहानपणी पाठशाळेत आपण सर्वांनी पाठ केले. त्यांपैकी अतिभारारोपण व अन्नपाननिरोध हे दोन आठवावेत. बैलावर शक्तीबाहेर भार घालू नये आणि आश्रिताचे अन्नपाणी अडवू नये, असा अर्थ आपण सांगत आलो. ज्या काळी घरोघरी बैल होते त्या काळचा तो अर्थ होय. आज ज्याच्यावर भार घालावयाचा तो माणूस आहे, बारा-बारा तास तो उकिडवा बसून काम करतो आहे. महिनाअखेरीस थांबविलेला त्याचा पगार हाच आजचा अन्नपाननिरोध. पांजरापोळांसाठी मुक्तहस्ताने देणाऱ्या समाजाने या अर्थाकडे पाठ फिरविणे शोभणारे नाही.

काय करता येईल?

उपदेशाने लेख संपविणे सोपे असते. आम्ही व्यापारी आहोत, यास्तव व्यवहाराच्या चार गोष्टी मांडतो.

पहिली, प्रमाणपत्राप्रमाणे दर. ठेकेदाराशी करार करताना वेल्डरचा दर त्याने उतरलेल्या परीक्षेनुसार लिहावा आणि तो कामगाराच्या हाती प्रत्यक्ष पडतो की नाही, हे पाहावे. साध्या कामाचा दर, उभ्या कामाचा दर आणि नळकामाचा दर यांत डोळ्यांना दिसेल असे अंतर असावे. अंतर असेल तरच मुलगा पुढची पायरी चढेल.

दुसरी, शिकाऊ उमेदवार. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात २०१९ मध्ये नियम बदलून तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला एकूण संख्येच्या किमान अडीच टक्के उमेदवार घेणे बंधनकारक केले, आणि चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेलाही इच्छेनुसार ते घेता येतात. विद्यावेतनाचा एक भाग केंद्र सरकारच्या योजनेतून मिळू शकतो. आपल्यापैकी दहा प्रोसेस हाउसनी प्रत्येकी दोन मुले घेतली तरी दर वर्षी वीस हात तयार होतील. ही मुले आपल्याकडेच टिकतील असे नाही. परंतु विहीर खणणाऱ्याने पाणी फक्त आपणच प्यावे असा हट्ट धरू नये.

तिसरी, मंडळाची शिष्यवृत्ती. दर वर्षी आपण वह्या व गणवेश वाटतो. त्यातूनच काही रक्कम बाजूला काढून औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वेल्डरचा अभ्यासक्रम घेणाऱ्या मुलामुलींची बुडालेली मजुरी अंशतः भरून द्यावी. वर जो वीस वर्षांचा हिशोब मांडला, तो आपल्या एका देणगीने निम्म्यावर येऊ शकतो. महानगरपालिकेच्या मराठी शाळांतून शिकलेली कितीतरी खानदेशी मुले या वाटेच्या तोंडाशी उभी आहेत.

चौथी, काच, मोजे व पंखा. मंडळाने ही साधने एकत्र खरेदी करून सभासदांना मूळ किमतीत द्यावीत आणि पर्युषणाच्या दिवसांत आपल्या आवारातील वेल्डरांची नेत्रतपासणी करवून घ्यावी. क्षमापना मागण्याच्या त्या दिवसांत याहून समर्पक कार्य दुसरे कोणते?

सारांश, सुरतेत वेल्डरांची वाण नाही. ज्या शिक्षणाची किंमत देण्यास कोणी तयार नाही, त्या शिक्षणाची वाण आहे. आम्ही स्वतः एके काळी दोन दरांपैकी कमी दर निवडून ही चूक केली, म्हणून हे लिहिण्याचा अधिकार आम्हांला नाही असे कोणी म्हटले तर ते आम्ही मान्य करू. मात्र त्या दिवसापासून आमच्या आवारात होल्डर हाती घेणाऱ्या प्रत्येकाचे प्रमाणपत्र पाहिले जाते आणि त्याचा दर ठेकेदाराच्या तोंडून नव्हे, त्याच्या स्वतःच्या तोंडून विचारला जातो. अमळनेरचा तो कारागीर आता आमच्याकडे दोन मुलांना हात धरून शिकवितो. त्याचा मुलगा अजून पार्सलेच बांधतो आहे. तो आपल्या मनाने बापाच्या विद्येकडे परत येईल, त्या दिवशी आपल्या तक्रारीचे निवारण झाले असे समजावे.

सभासद बंधुभगिनींनी या विषयाचा विचार आपापल्या पेढीवर करावा आणि आगामी वार्षिक सभेत आपल्या सूचना मांडाव्यात, अशी नम्र विनंती करून आम्ही हा लेख पुरा करतो.